चोवीस किलो

“एक, दोन, हूं!”

यांनी डावीकडून आणि मी उजवीकडून जोर लावला, तसं गाडीचं छत मागच्या बाजूनं करकरत वर उठलं. तिन्ही बाजूंची कॅनव्हासची कनात ताणून ताठ झाली. यांनी खालून लोखंडी टेकू लावला. मी हात सोडले आणि पदरानं कपाळ पुसलं.

लीलाताई कर्णिक समोर खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, “झकास झालंय, आनंदराव. आता एवढंच सांगा, मी हिमाचलला निघाले की तुम्ही दोघं मागच्या सीटवर बसून येणार का?”

हे नुसते हसले.

लीलाताई भूगोलाच्या बाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेची एक जुनी व्हॅन विकत घेतली आणि तिच्यात राहून देश बघायचा ठरवला, तोही एकटीनं. आमचं शेड कागल रस्त्याला. माझे मालक, आनंदा सुतार, यांची हयात बसच्या आणि ट्रकच्या बॉड्या बांधण्यात गेली. मी त्याच शेडात शिवणकाम करायची, सीटची कव्हरं, गाद्या, पडदे, ताडपत्र्या. लीलाताईंच्या गाडीत यांनी ओटा केला, पलंग केला आणि गाडीचं छत कापून त्यावर पेटीच्या झाकणासारखं नवं छत बसवलं. पुढं बिजागरी, मागनं उचलायचं. उचललं की आत माणूस ताठ उभा राहील एवढी उंची मिळायची. कनात माझ्या हातची.

लीलाताई उठल्या, स्टुलावर चढल्या आणि त्यांनी स्वतः उचलून बघितलं. वीतभर उचललं गेलं, मग छत परत खाली टेकलं.

“जड हाय,” हे म्हणाले.

“ते दिसतंय. माझ्या मैत्रिणीची मुलगी इंजिनीअर आहे, गडहिंग्लजची. सध्या कोल्हापुरातच राहतेय. तिला पाठवते.”

दुसऱ्या दिवशी प्रणोती शिंत्रे आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बारकी, केस वर बांधलेले, पाठीवर सॅक. आल्या आल्या मला वाकून नमस्कार केला आणि “मामी” म्हणाली. मग गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि घरात वजन करायला वापरतात तसला काटा सॅकमधून बाहेर काढला.

“मामा, छत या काट्यावर टेकवायचं. मागची कड.”

“काट्यावर?” हे बघतच राहिले.

“किती जड आहे ते कळल्याशिवाय किती जोराचे दांडे लागतील ते कसं कळणार?”

मग तिनं सांगितलं. मोटारीच्या डिकीला दोन बाजूंना काळे दांडे असतात ना, डिकी नुसती हातानं टेकवली की वर जाते, तसलेच. नळीत दाबून गॅस भरलेला असतो. तो सतत बाहेर ढकलत असतो. दोन्ही बाजूंना एकेक बसवायचा, म्हणजे छताचं बहुतेक वजन तेच पेलतील आणि लीलामावशीला नुसता हात लावावा लागेल.

“आन् दाब कमीजास्त करता येतो?” यांनी विचारलं.

“या दांड्यांत नाही. भरला तो भरला. म्हणून तर आधी वजन. दांडे हलके पडले तर छत डोक्यावर येईल, आणि जोरदार झाले तर खिट्टी काढल्या काढल्या छत भिरकावून देतील. माणूस आवरू शकणार नाही.”

मी मशिनवर बसले होते. मला सगळं ऐकू येत होतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

लीलाताईंना छतावर सोलरच्या दोन पाट्या बसवायच्या होत्या. पाट्या आणि त्यांची चौकट मिळून चोवीस किलो. त्या पाट्या लीलाताई गाडी न्यायला येतील तेव्हा घेऊन येणार होत्या. प्रणोतीनं तेही वजन हिशेबात धरलं आणि पुण्याहून दांडे मागवले. तोवर चाचणीसाठी वाळूची दोन पोती भरून घेतली, बारा-बारा किलोंची, आणि छतावर मधोमध बांधली.

ती पाच दिवस आमच्याकडे येत होती.

पहिल्या दिवशी यांनी तिला शेड दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आरशापुढं दाढी करताना दिसले. हे रविवारी दाढी करायचे आणि तो मंगळवार होता. तिसऱ्या दिवशी मी जेवायला हाक मारली तर दोघं जमिनीवर खडूनं काही रेघा मारत बसली होती. छत बंद असताना दांडा कसा आडवा होतो, उघडल्यावर कसा उभा होतो, मग खालची टोकं नेमकी कुठं धरायची, असलं काहीतरी. हे बोलत होते. हातवारे करून बोलत होते.

“बसची मागची शिडी करताना मी असंच केलतं बघ. त्रेसष्ट गाड्या केल्या त्या वक्ताला. मालक म्हणायचा, आनंदा, तुझ्या डोळ्यात लेव्हल-बाटली हाय.”

“मग मामा, तुम्हाला हे गणित येतंच की. तुम्ही कागदावर मांडत नाही एवढंच.”

हे लाजले. चाळीस ओलांडलेला माणूस, कान लाल झालेले मी बघितले.

ऐकणाऱ्याला वाटेल, बाईनं बाईवर जळायचं म्हणजे नवरा हातचा जाईल ही भीती. तसलं काही नव्हतं. पोरगी मनानं स्वच्छ होती, ते मला तेव्हाही दिसत होतं. माझा जीव जळत होता तो दुसऱ्याच गोष्टीनं. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. मूलबाळ झालं नाही. दिवसभर एका शेडात, एका छपराखाली आम्ही दोघं. आणि सोळा वर्षांत यांनी माझ्याशी जे बोलणं केलं ते ‘मीठ कमी हाय’, ‘कात्री कुठाय’ आणि ‘चल, धर’ एवढंच. मी समजत होते की हा माणूस अबोल आहे. देवानं काही माणसं अशी घडवलेली असतात, असं म्हणून मी मनाची समजूत घातली होती. आणि आता कळत होतं की यांच्याकडे बोलायला कितीतरी होतं. त्रेसष्ट गाड्यांची गोष्ट मला सोळा वर्षांत कळली नव्हती. ती परक्या पोरीला तिसऱ्या दिवशी कळली.

मी म्हणाले, “भाकरी गार होतीया.”

“तू जेव,” हे मान वर न करता म्हणाले. “आम्ही येतो.”

आम्ही.

त्याच दुपारी प्रणोती माझ्या कनातीपाशी आली. कापड हातात घेऊन तिनं शिवण बघितली, टेप लावली. म्हणाली, “मामी, शिवण काय सुरेख आहे तुमची. फक्त या कोपऱ्यात दोन इंच जास्त सोडाल का? दांडा उभा झाला की इथं घासेल.”

तिचं बरोबर होतं. तेच तर मला सोसेना. ती चुकली असती तर मी तिला जीव लावला असता.

“सोडते,” मी म्हणाले, आणि ती गेल्यावर तो कोपरा असा उसवला की कापड फाटलं.

त्याच दिवशी, बुधवारी, दुपार कलताना फोन वाजला. शेडचा फोन माझ्याकडे असायचा, कारण वेल्डिंग चालू असलं की यांना काही ऐकू येत नसे. लीलाताई होत्या.

“शालनबाई, प्रणोतीचा फोन लागत नाहीये. तिला एक निरोप द्या. सोलरच्या पाट्या नकोत. मी विचार केला, एवढं वर चढून पुसत कोण बसणार. त्याऐवजी आत दुसरी बॅटरी ठेवीन. छतावर काही म्हणजे काही बसवायचं नाही. मी आता रत्नागिरीला भावाकडे निघालेय, रविवारी साडेदहा-अकराला गाडी न्यायला येते. सांगाल ना?”

“सांगते की.”

मी फोन ठेवला आणि सांगायला उठले. खोटं कशाला बोलू, मी खरंच सांगायला उठले होते. दोघं गाडीच्या मागं होती. दांडे सकाळीच आले होते. प्रणोती खोक्यातून एक दांडा काढून यांना दाखवत होती, “छत बंद असताना ही आतली बारीक दांडी खाली, नळी वर. उलटं लावलं की आतलं तेल सीलपाशी राहत नाही, मग गॅस गळतो.” हे म्हणाले, “म्हंजे माणसासारखंच. डोकं वर, पाय खाली.” आणि ती खळखळून हसली. हेही हसले. आवाज काढून हसले. तो आवाज मला ओळखीचा नव्हता.

मी चार पावलांवर उभी होते. यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “शालन, चहा ठेव.”

मी चहा ठेवला.

चहात साखर टाकताना माझ्या मनात आलं, चोवीस किलो कमी झाले, म्हणजे आता दांडे जोरदार झाले. ही पोरगी काटा घेऊन आली, खडूनं रेघा मारल्या, आणि तिचे दांडे चुकले. मी सांगितलं नाही तर ती रविवारी सगळ्यांसमोर खिट्टी काढेल आणि छत ताडकन वर जाईल. तिचं तोंड कसं होईल? यांचं तोंड कसं होईल? एवढंच मला बघायचं होतं. एकदा, एकदाच तिचं चुकलेलं बघायचं होतं. मी दोघांना चहा दिला आणि परत मशिनवर येऊन बसले.

शुक्रवारी दांडे बसले. वाळूची पोती वर होतीच. प्रणोतीनं मला बोलावलं.

“मामी, तुम्ही उघडा.”

मी दोन्ही खिट्ट्या काढल्या आणि कडेला तळहात लावला. छत माझ्या हाताखालून वर गेलं, झोपेतून उठावं तसं, सावकाश, बिनआवाजाचं. यांनी टाळी वाजवली. टाळी पोरीसाठी होती. मी हात तसाच वर धरून उभी राहिले. इतकी वर्षं शेडात जड काही उचलायचं झालं की हे म्हणायचे, ‘चल, धर.’ आता तेही गेलं, असं मला वाटलं.

जाताना प्रणोतीनं बजावलं, “मामा, सोलर बसेपर्यंत पोती काढायची नाहीत हं. मी रविवारी अकराला येते, पाट्या आपण मिळून बसवू.”

“न्हाई काढत,” हे म्हणाले.

रविवारी सकाळी हे खिट्टीसाठी वायसर आणायला गावात गेले. मी गाडी धुवायला घेतली. धुवायची म्हणजे पोती काढायला हवीत. शिडी लावून मी वर चढले, दोऱ्या सोडल्या आणि एकेक पोतं खाली उतरवलं. छत बंद होतं, खिट्ट्या लागलेल्या होत्या. छत लख्ख धुतलं. मग पोती परत चढवायची वेळ आली.

मी पोत्यांकडे बघत उभी राहिले. मग हात पुसले आणि पोती शिलाईच्या टेबलाखाली सरकवली.

खालून बघितलं तर छतावर काय आहे नि काय नाही ते दिसत नसे, व्हॅन एवढी उंच. हे आले, वायसर बसवले आणि कपडे बदलायला आत गेले. माझा सगळा डोळा रस्त्याकडे. प्रणोती येणार, प्रणोती खिट्टी काढणार.

साडेदहाला लीलाताई आल्या. एकट्याच, रिक्षातनं.

“अगंबाई, कशी चकाकतेय!” गाडीला हात लावत त्या म्हणाल्या, आणि बघता बघता स्टूल ओढून मागच्या बाजूला चढल्या. एकसष्ट वर्षांची बाई, उजवी खिट्टी काढून मोकळी झाली. डावीला हात घातला. ती घट्ट होती.

 ‘बाई, उतरा,’ एवढंच म्हणायचं होतं. पण उतरा म्हटलं की का, ते सांगावं लागणार. का ते सांगितलं की बुधवारपासून ठाऊक होतं हेही सांगावं लागणार. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

तेवढ्यात हे आतून धावत आले. “थांबा, थांबा बाई. नवे वायसर घातल्यात, घट्ट हाय ती. मी काढून देतो, मग तुम्ही उचला.”

लीलाताई उतरल्या. हे स्टुलावर चढले, खिट्टीवरच नजर ठेवून कडेवर वाकले आणि दोन्ही हातांनी खिट्टी ओढली.

काय झालं ते कुणाला नीट दिसलंच नाही. ठाण्ण असा आवाज झाला. छत वर, आणि हे खाली. पत्र्याची कड हनुवटीला लागून गेली होती. हे स्टुलावरून उलटे पडले ते उजव्या हातावर, काँक्रीटवर. हात मनगटापासून भलतीकडेच वळला होता. कनात वाऱ्यानं फडफडत होती.

लीलाताई ओरडल्या. मी धावले. यांचं डोकं मांडीवर घेतलं. हनुवटीतून रक्त येत होतं. हे शुद्धीवर होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “पोती...?”

नेमकी त्याच वेळी प्रणोती फाटकातून आत आली. तिनं उघडं छत बघितलं, यांना बघितलं, सॅक टाकून पळत आली.

“पोती कुणी काढली?”

“पोती कसली?” लीलाताई म्हणाल्या. “अगं, सोलर नको म्हणून मी कळवलं होतं. बुधवारी. तुला निरोप नाही मिळाला?”

तिघंही माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. आणि मी बोलले.

“मी सांगितलं की यांना, बुधवारीच,” मी प्रणोतीकडे बोट करून म्हणाले. “वर चढल्या होत्या, हातात टेप होती. सोलर नको म्हणून सांगितलं, तर ‘बरं’ म्हणाल्या. म्हणून मी आज पोती काढली. सोलर न्हाई तर पोती कशाला, असं वाटलं मला.”

टेप होती, ‘बरं’ म्हणाल्या. कुठून सुचलं मला ते?

प्रणोतीचा चेहरा पांढरा झाला. “मला?” ती म्हणाली. मग कपाळाला हात लावून आठवायला लागली. ती खरंच आठवत होती. “मी वर होते... बुधवारी वर होते खरी... असेल. मामी म्हणतात तर असेल.”

मनगटाची दोन हाडं मोडली होती. पट्टी घालून स्क्रू बसवले. प्रणोती दवाखान्यात आली, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि “मामा, माझी चूक झाली,” म्हणून रडली. हे म्हणाले, “जाऊ दे पोरी, होतंय.” ती गेल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “शिकलेल्या माणसानं असं बेसावध राहावं?”

मला ते ऐकून बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं.

आणि पुढचा सव्वा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा गेला, हेही सांगायला पाहिजे. यांचा उजवा हात गळ्यात. कामं तर घेतलेली. मग मीच यांचा हात झाले. हे शेजारी बसून सांगायचे आणि मी करायची. ग्राइंडर कसा धरायचा, पत्रा कुठल्या बाजूनं आधी टाचायचा, वेल्डिंगचा आवाज कढईत काही तळल्यासारखा आला की समजायचं काम जमलं. सांगता सांगता हे भलतीकडे जायचे. वडील बैलगाड्या करायचे ते, पहिल्या मालकानं कान पिळला तो, त्रेसष्ट बस. मी मुद्दाम चुकायची, म्हणजे आणखी बोलतील. जे मी मागितलं होतं ते मला मिळालं होतं, आणि कशाच्या जोरावर मिळालं ते रोज यांच्या गळ्यात अडकवलेलं दिसत होतं.

मग एक दिवस गडहिंग्लजहून पार्सल आलं, प्रणोती आता तिकडं आईकडे राहत होती. प्रणोतीनं नवे, कमी जोराचे दांडे पाठवले होते, बरोबर एक कागद. कागदावर गाडीचं चित्र, मापं, आकडे, सगळं निगुतीनं काढलेलं. हे सांगत होते तसा मी पहिला दांडा बसवला. दांडी खाली, नळी वर. दुसरा हातात घेतला, तेव्हा हे कागद वाचत होते.

“हे काय लिवलंय खाली?” म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढं धरला.

कागदाच्या तळाला बारीक अक्षरात होतं, ‘हे आकडे कृपया दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावेत. माझ्यावर विसंबू नये.’

“पोरगी हुशार हाय,” हे म्हणाले, “पण बेफिकीर. आता स्वतःलाच कळलं म्हणायचं.”

माझ्या हातातला दांडा खाली पडला.

“बेफिकीर न्हवती ती,” मी म्हणाले. “मी सांगितलंच न्हवतं तिला.”

“काय?”

“निरोप. सोलरचा. सांगितलाच न्हाई. आन् पोतीसुद्धा मी मुद्दाम काढून ठेवली. तिनं खिट्टी काढावी म्हणून.”

यांनी कागद टेबलावर ठेवला. 

“का?”

“तुम्ही तिच्यासंगं बोलत होता.”

“काय बोलत होतो?”

“कायबी. बोलत होता.”

“मग मला म्हणायचं होतंस, माझ्यासंगं बोला म्हणून.”

“असं कुणी म्हणतं का, अहो?”

हे खाली वाकले, डाव्या हातानं दांडा उचलून माझ्या हातात दिला. “हे बसवून घे,” म्हणाले. “बाईंची गाडी हाय. आन् उद्या गडहिंग्लजला जा. एकटी जा.” मग माझ्यासमोरचा फोन उचलून आपल्या खिशात घातला.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. यांचं मनगट आजही पुरतं वळत नाही. वेल्डिंग मीच करते, आणि चांगली करते असं लोक म्हणतात. त्या दिवसानंतर हे पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग कामापुरतं, मग हळूहळू थोडं जास्त. संसार निभावला. पण शेडचा फोन आजही यांच्या खिशात असतो. मी कधी मागितला नाही, यांनी कधी दिला नाही.

सांगायचं राहिलं ते गडहिंग्लजचं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गेले. प्रणोतीच्या आईनं दार उघडलं आणि मी कोण ते सांगितल्यावर मला माडीवर नेलं. प्रणोती खिडकीपाशी बसली होती. मला बघून पटकन उठली. “मामा कसे आहेत?”

मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. बसले असते तर सांगता आलं नसतं. बुधवारचा फोन, चहा, पोती, टेप होती म्हटलं ते, ‘बरं’ म्हणाल्या म्हटलं ते.

ती रागावेल, ओरडेल, असं मी धरून चालले होते. ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे तुम्ही मला सांगितलंच नव्हतं.”

“न्हाई.”

“मी वर असताना खाली उभ्या राहून, टेप हातात...”

“तसं काही झालंच न्हाई, बाई. मी रचलं ते.”

“पण मला ते आठवायला लागलं होतं, मामी.” ती परत खाली बसली. “रोज आठवत होते. शेवटी मला तुम्ही दिसायला लागलात, खाली उभ्या, सांगताय. माझं ‘बरं’ ऐकू यायला लागलं. मला वाटलं, माझं डोकंच ठिकाणावर नाही. बेळगावच्या कारखान्यात मला घेतलं होतं. यंत्रांची कामं, माणसांच्या जिवाशी गाठ. मी त्यांना कळवून टाकलं, मला जमणार नाही म्हणून.”

 मी हात जोडले. तिनं ते बघितले नाहीत.

“लीलामावशीला सांगाल?” तिनं विचारलं.

“सांगते.”

“आत्ता.”

तिनं आपल्या फोनवरून नंबर लावून दिला. लीलाताईंना मी परत सगळं सांगितलं, पहिल्यापासून.  मग त्या म्हणाल्या, “शालनबाई, त्या स्टुलावर आधी मी चढले होते.”

“व्हय.”

“तुम्ही बघत होता.”

“व्हय, बाई.”

“फोन तिला द्या.”

मी फोन दिला. प्रणोतीनं तो कानाला लावला, माझ्याकडे पाठ केली आणि खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. “हो,” म्हणाली. “हो, मावशी.” आणि मग, “नाही, मी विसरले नव्हते.” थोडं थांबून पुन्हा, “मावशी, मी विसरले नव्हते.” तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिनं फोन कानापासून खाली घेतलेला होता.

जिन्यावर पावलं वाजली. तिची आई ट्रे घेऊन वर आली. बशीत दोन बिस्किटं ठेवलेली होती.

“बसा ना, लांबून आलात. चहा घ्या.”

प्रणोतीनं डोळे पुसले आणि वळली.

“नको, आई,” ती म्हणाली. “त्यांची गाडी आहे.”

मी जिना उतरले. गाडीला अजून पाऊण तास होता. स्टँडवर बाकं रिकामी होती, पण मी उभीच राहिले.